ऐकणाऱ्यांचं शिबिर

"प्रभूनं माझ्या मनात घातलंय," पाळकबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "की उद्याचं उपीट प्रिसिलानं करावं."

माझे डोळे उघडे होते, म्हणून मला दिसलं. हे सांगण्याआधी त्यांनी एक डोळा किलकिला करून मी कुठं बसलेय ते पाहून घेतलं होतं.

"आमेन," बायका म्हणाल्या.

"किती जणींचं?" मी विचारलं.

"चाळीस धर." हे मात्र त्यांनी स्वतःच्या अधिकारात सांगितलं. "आणि शेंगदाणे घाल. मागच्या वेळी शेंगदाणे नव्हते."

मे महिना होता. आमच्या तालुक्याच्या गावातल्या चर्चमध्ये, जिथं या बाईंचे यजमान पाळक होते, बायकांसाठी तीन दिवसांचं श्रवण शिबिर भरलं होतं. 'देवाचा आवाज ऐकायला शिका' असं फ्लेक्सवर लिहिलं होतं आणि त्याखाली एका माणसानं कानामागं हात धरलेला फोटो होता. तो माणूस म्हणजे पुण्याहून आलेले ब्रदर जोएल सत्राळकर. त्यांनी येताना स्वतःचा साउंड बॉक्स आणि माईक आणला होता. देवाचा आवाज फार हळू असतो, हे ते त्या माईकवरून इतक्या मोठ्यानं सांगायचे की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानंही तीन दिवसांत बरंच अध्यात्म शिकून घेतलं असणार.

मी शिबिराला गेले नव्हते, मला नेलं होतं. सासूबाईंनी. आणि त्यांनी मला माझ्यासाठी नाही, अबीसाठी नेलं होतं.

अबी, म्हणजे अबिगेल, माझी मुलगी. तेव्हा अडीच वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. 'आई' नाही, 'पाणी' नाही, 'नको' सुद्धा नाही. काही हवं असलं की माझा हात धरायची आणि त्या वस्तूवर नेऊन ठेवायची, जणू माझा हात म्हणजे एक चमचा. गावातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि नगरच्या मोठ्या दवाखान्यात कानांची तपासणी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. "वेळ घालवू नका," ते म्हणाले होते. "ऐकू येत नसेल तर या वयातला एकेक महिना महत्त्वाचा आहे." सोमवारची वेळ मिळाली होती. ती हुकली तर पुढची पावसाळा संपल्यावर.

ते ऐकून सासूबाईंनी वचनाची पेटी काढली.

ही पेटी आमच्याकडे घरोघरी असते. टीव्हीच्या शेजारी, शोकेसमध्ये. आत कागदाच्या बारीक गुंडाळ्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वचन. नवीन वर्षाच्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं एक काढायची आणि जे निघेल ते वर्षभर मनात धरायचं, अशी रीत. आमच्या घरी मात्र ती पेटी रोजच्या वापरात होती. सासूबाई मिशनच्या बोर्डिंगात मेट्रन होत्या. शंभर मुलींची शिस्त ज्यांनी सांभाळली, त्या रिटायर झाल्यावर नुसतं वर्षातून एकदा देवाला विचारून गप्प कशा बसतील? गॅसचा सिलेंडर आज लावावा का, भिशीत नाव घालावं का, धाकट्या जावेकडं बारशाला जावं का, सगळं पेटीला विचारून.

त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून एक गुंडाळी काढली. मी खांद्यावरून वाचली. ऊठ आणि निघ, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

माझा जीव भांड्यात पडला. "बघा आई. जा म्हणतोय."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, गुंडाळी नीट वळली आणि पेटीत परत टाकली.

"हे त्या काळच्या माणसांसाठी आहे. ते उंटांवरून जायचे. आपल्याला एसटीनं जायचंय."

दुसऱ्या गुंडाळीत स्तब्ध राहा, वाट पाहा, असं निघालं. ती मात्र त्यांनी चष्म्याच्या घरात जपून ठेवली.

"थांब म्हणतोय," त्या म्हणाल्या. "पोरीच्या कानाला एकदा यंत्र चिकटलं की जन्मभर तिला बहिरी म्हणतील. रूबेन तरी चार वर्षांचा होईस्तोवर कुठं बोलत होता?"

रूबेन म्हणजे माझा नवरा. साखर कारखान्यात नोकरीला. चार वर्षांचा झाल्यावर तो बोलायला लागला हे खरं असेल. पण त्यानंतरही त्यानं फारशी सवय लावून घेतली नाही. मी त्याच्याकडं पाहिलं.

"आई म्हणते तर..." तो म्हणाला, आणि त्याचं त्या महिन्याचं बोलणं संपलं.

शेवटी तह झाला. शिबिरात प्रभू काय सांगतो ते पाहायचं. शनिवारपर्यंत तो 'जा' म्हणाला तर सोमवारी जायचं. नाहीतर थांबायचं. अशा रीतीनं माझ्या मुलीचे कान चाळीस बायकांच्या हवाली झाले.

*

पहिल्या दिवशी गाण्यांनी सुरुवात झाली. वेदीसमोरच्या जुन्या लाकडी ओट्यावर बाजाची पेटी, झांजा आणि ढोलकी घेऊन गाणाऱ्या बायका बसल्या होत्या. अबी त्यांच्याच कडेला ओट्यावर बसली होती. ढोलकी सुरू झाली तशी ती डुलायला लागली. मग उठून नाचायला लागली.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "बघ! ऐकू येत नाही म्हणे!"

मागून मालनताई ढगे पुढं वाकल्या. त्या आमच्या शेजारच्या गल्लीत राहायच्या. "आगं, माझ्या नातीपेक्षा ताल बरा आहे हिचा."

मी बघत होते. दुसरं काही करतच नव्हते त्या दिवसांत. अबीच्या मागं जाऊन टाळी वाजवायची, ताट आपटायचं, दार लावायचं, आणि ती वळते का ते बघायचं. कधी वळायची, कधी नाही. वळली की दिवस बरा जायचा. नाही वळली तर मी मनात म्हणायचे, खेळात असेल. आताही बघत होते. नाचून झाल्यावर ती खाली बसली आणि तिनं दोन्ही तळवे ओट्याच्या फळ्यांवर टेकले. ढोलकीकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

मग ब्रदर उभे राहिले.

"सिस्टर्स, देव आजही बोलतो! आपण ऐकत नाही!" माईक जरा शिट्टी मारल्यासारखा वाजला, त्यांनी तो बॉक्सपासून लांब नेला. "आपण लहानपणी सगळ्यांनी ती गोष्ट शिकलोय. देव त्या मंदिरातल्या मुलाला हाका मारतो आणि मुलाला वाटतं, म्हातारे गुरुजीच बोलावतायत. आवाज ऐकू येतो, पण कोणाचा ते कळत नाही. तर आता मी तुम्हाला पद्धत देतो. एक, तोंड बंद. दोन, मन रिकामं. तीन, जो पहिला विचार येईल तो पकडायचा. पहिला विचार प्रभूचा. दुसरा तुमचा. तिसरा सैतानाचा."

"आणि चौथा?" मालनताईंनी विचारलं.

"चौथ्यापर्यंत जायचंच नाही, सिस्टर."

सगळ्यांनी डोळे मिटले. पंखे फिरत होते. मीही मिटले, कारण सासूबाई बघत होत्या. पहिला विचार लगेच आला. जणू दाराबाहेर चपला काढूनच उभा होता. मी त्याला ओळखलं आणि दार लावून घेतलं. मग दुसरा आला.

ब्रदर माईक घेऊन रांगेतून फिरायला लागले. पाळकबाईंना उपिटाचं ऐकू आलं, ते सांगितलंच. मालनताईंना प्रभूनं जावेला क्षमा करायला सांगितलं होतं.

"हालेलुया!"

"पण आधी तिनं मागितली तर," मालनताई म्हणाल्या.

मग माईक माझ्या तोंडासमोर आला. "बोला सिस्टर. पहिला विचार?"

"दुधाखालचा गॅस बंद केला की नाही," मी म्हणाले.

बायका हसल्या. ब्रदर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं मोठ्या करुणेनं पाहिलं.

"तुमचं शिक्षण किती झालंय, सिस्टर?"

"बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी."

"तिथंच अडलंय," ते म्हणाले. मान हलवत पुढं गेले.

पाळकबाई शेजारणीला सांगत होत्या, "मी रूबेनच्या आईला तेव्हाच म्हटलं होतं, पोरगी चांगली आहे, पण कॉलेज जरा जास्त झालंय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या मागच्या पडवीत मी चाळीस जणींचा रवा भाजत होते. शेजारी पाळकबाई शेंगदाण्यांवर देखरेख करत होत्या. रवा भाजता भाजता मी प्रार्थना केली. मी रोज करायचे. आमच्या घरात मीच काय ती पेटीशिवाय करायचे. त्या दिवशीची फार सभ्य नव्हती. 'देवा,' मी म्हटलं, 'तुला जे सांगायचं असेल ते या बायकांना सांगू नकोस. त्यांना वेळ नाही. त्या तुझ्या वतीनं बोलण्यात गुंतल्यात.'

"काय पुटपुटतेस?" पाळकबाईंनी विचारलं.

"मीठ आठवत होते."

त्या दिवशीचा धडा होता दुसऱ्यासाठी ऐकायचा. सासूबाईंनी हात वर केला, उभ्या राहिल्या आणि बोर्डिंगच्या आवाजात सांगितलं, "माझी नात बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, नगरला जा. जावं का थांबावं, ते सगळ्यांनी ऐकून सांगा."

त्यांनी अबीला उचलून मधल्या वाटेत एका खुर्चीवर बसवलं. अबीच्या हातात माझी एक चप्पल होती. तिला चपला आवडायच्या. चाळीस बायकांनी डोळे मिटले. ती एकेकीकडं पाहत राहिली, आणि मग चपलेत बिस्किटाचा तुकडा घालून तिला झोपवायला लागली.

"मला 'धीर धर' असं ऐकू आलं," एक म्हणाली.

"तिसऱ्या वर्षी बोलेल. स्पष्ट."

"मोठी संदेष्टी होणारे. म्हणून सैतानानं जीभ बांधलीय."

"मला पांढरा घोडा दिसला," मालनताई म्हणाल्या.

"घोड्याचं काय?" मी विचारलं.

"ते नाही सांगितलं बाई प्रभूनं. नुसता दिसला. उभा होता."

"नगरच्या दिशेला तोंड करून की इकडं?"

"प्रिसिला!" सासूबाई म्हणाल्या.

पाळकबाईंनी सगळ्यांत शेवटी डोळे उघडले. "मला एकच शब्द आला. विश्वास. आता विश्वास म्हणजे दवाखाना नव्हे, हे कुणालाही कळेल."

थांबा म्हणणाऱ्यांचं बहुमत झालं. आमच्या ग्रामपंचायतीत ठराव असेच पास होतात. तिथं निदान हात वर करायला डोळे उघडे ठेवावे लागतात. मी रांगेतून उठले, मधल्या वाटेत खुर्चीपाशी गेले.

"तुमच्यापैकी कुणी हिला हाक मारून पाहिली का?" मी विचारलं.

मग एक तरुण मुलगी, पाळकबाईंची भाची, म्हणाली, "काल मारली होती ना. तिनं बघितलं माझ्याकडं."

"तू समोर होतीस?"

"हो, समोरच की."

"सिस्टर," ब्रदर माईकवरून म्हणाले, "परीक्षा कुणाची घेताय? लेकराची, की प्रभूची?"

"लेकराची," मी म्हणाले. "सोमवारी. नगरला."

सासूबाईंनी माझा हात धरून खाली बसवलं. "शनिवार अजून बाकी आहे," त्या दातांतून म्हणाल्या. "चार बायकांत माझी शोभा करू नकोस. तुला स्वतःला तरी काही ऐकू आलंय का? नुसती बाकीच्यांच्या ऐकण्याला हसतेस."

उत्तर होतं, पण ते अजून दाराबाहेरच उभं होतं.

*

शनिवारी ब्रदरनी महामौन ठेवलं. तो शिबिराचा कळस होता. गाणं नाही, ढोलकी नाही, उपीटसुद्धा नंतर. "माईकही बंद," ते म्हणाले, आणि तो त्याग आहे हे आम्हाला कळावं म्हणून क्षणभर थांबले. "पूर्ण शांतता. आज प्रत्येकीशी प्रभू बोलेल. मी सांगेन तेव्हाच डोळे उघडायचे."

खटका दाबून त्यांनी माईक खुर्चीवर ठेवला. डोळे मिटले. चाळीस जणींनी मिटले. सासूबाई माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या, मांडीवर चष्म्याचं घर, त्यात ती 'थांब'ची गुंडाळी.

मी मिटले नाहीत. अबी साउंड बॉक्सजवळ गेली होती आणि मला वायरींची भीती वाटत होती. बॉक्स खाली फरशीवर होता, अबीच्या डोक्याएवढा उंच. ती त्याला पाठ लावून बसली, पुढ्यात बायकांनी दारात काढलेल्या चपलांपैकी तीन-चार आणून मांडल्या, आणि एकेकीत बिस्किट घालायला लागली. बिस्किटं कुठून मिळाली कोण जाणे. पाळकबाईंच्या पिशवीतून असावीत. त्यांच्या नवीन चपलेला सगळ्यांत मोठा तुकडा मिळाला होता.

इतकी शांतता मी त्या चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. गिरणीसुद्धा बंद होती. बाहेर कडुलिंबावर एक होला घुमत होता. मधेच कुणाचं तरी पोट वाजलं. अबीच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, ती चपलांशी काहीतरी बोलत होती, आवाजाशिवाय. असे हलणारे ओठ ती कुणाचे बघते ते मला माहीत होतं. माझे. रोज, समोरून.

तेव्हा ब्रदर उठले. मौन संपवायचं म्हणून त्यांनी माईक उचलला, खटका लावला आणि तसेच बॉक्सच्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

माईकनं शिट्टी घातली. शिट्टी कसली, किंकाळी. बारीक, धारदार, कानातून शिरून दातांत उतरणारी. चाळीस बायका एकदम किंचाळल्या. पाळकबाईंनी दोन्ही हात कानांवर दाबले आणि डोकं शेजारणीच्या मांडीत खुपसलं. मालनताई "मेले, मेले!" म्हणत उभ्या राहिल्या. कडुलिंबावरचा होला उडाला असणार. ब्रदर माईक आपटत होते, "बंद कर! अरे, बंद कर कुणीतरी!" म्हणत होते, माईक त्यांच्याच हातात होता.

आणि त्या बॉक्सला पाठ लावून बसलेली माझी मुलगी पाळकबाईंच्या चपलेतलं बिस्किट जरा डावीकडं सरकवत होती. नीट बसत नव्हतं ते.

शिट्टी थांबली. ब्रदरना अखेर खटका सापडला होता.

मी शेजारी पाहिलं. सासूबाईंचे हात कानांवर होते आणि डोळे अबीवर. मग ते डोळे माझ्याकडं वळले. त्यांचे हात खाली यायला बराच वेळ लागला.

"बघितलंत, सिस्टर्स!" ब्रदर घाम पुसत, बिनमाईकचे म्हणाले. "प्रभू बोलणार इतक्यात सैतानानं काय केलं! त्याला ही शांतता सहन झाली नाही!"

मी उठले. मधल्या वाटेनं सरळ ब्रदरपाशी गेले.

"ब्रदर, तो माईक द्या."

"साक्ष द्यायचीय, सिस्टर?"

"हो."

त्यांनी आनंदानं दिला. मी तो घेतला, बॉक्सजवळ गेले, अबीच्या मागं उभी राहिले. तिला मी दिसत नव्हते. खटका लावून मी माईक बॉक्सच्या जाळीपाशी नेला.

पुन्हा तीच किंकाळी. "वेडी झाली का ही!" पाळकबाई ओरडल्या. "आगं, बंद कर!" "कानठळ्या बसल्या!" मी बंद केला नाही. सगळ्या डोळे उघडे ठेवून अबीकडं बघेपर्यंत मी तो धरून ठेवला. एकेकीचं ओरडणं थांबत गेलं, शेवटी नुसती शिट्टी राहिली, आणि त्या शिट्टीच्या मधोमध एक लेकरू चपलेला थोपटून झोपवत होतं.

मी खटका दाबला.

ते खरं महामौन. ते कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

"पहिला विचार हा होता," मी म्हणाले. माईक बंद होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "परवाचा. गॅसचा दुसरा होता."

ब्रदरना सावरायला जास्त वेळ लागला नाही. त्यांचा तो धंदाच आहे. "सिस्टर्स, लेकराभोवती या! हात ठेवा! आत्ताच्या आत्ता!" आणि त्या आल्या. वाईट बायका नव्हत्या त्या. रडत होत्या, खरंच रडत होत्या. मागून, बाजूंनी, वरून हात आले आणि अबीच्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर पडले. कोणी येतंय हे तिला कळलंच नव्हतं. ती दचकली, वर पाहिलं तर सगळीकडं हातच हात, आणि ती किंचाळायला लागली. तिला आवाज होता. फार मोठा होता.

"सरका!"

बोर्डिंगातल्या शंभर मुली ज्या आवाजानं रांगेत उभ्या राहायच्या, तो आवाज मी त्या दिवशी पूर्ण ऐकला. बायका सरकल्या. पाळकबाईसुद्धा सरकल्या.

"लेकराला ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कुणीच उच्चारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. "मागून काय झडप घालता घारीसारख्या? समोरून या!"

मग त्या स्वतः, गुडघे धरत, अबीच्या समोर फरशीवर बसल्या. गेली कित्येक वर्षं त्या खाली बसत नव्हत्या. अबीनं त्यांच्याकडं पाहिलं, हुंदके देत देत एक चप्पल उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती थोपटली.

उपीट त्या दिवशी तसंच राहिलं. ते माझ्या हातचं नव्हतं, म्हणून मला वाईट वाटलं नाही.

ब्रदर सत्राळकर हा प्रसंग आता आपल्या साक्षीत सांगतात, असं मला जालन्याच्या चर्चमधल्या एका बहिणीनं कळवलं. त्यात महामौन आहे, बहिरं लेकरू आहे, प्रभूनं सर्वांसमोर केलेलं प्रकटीकरण आहे. माईक नाही. बी.एस्सी. झालेली एक शंकेखोर आई मात्र आहे, जी शेवटी ओक्साबोक्शी रडते. मी रडले नव्हते. पण प्रकटीकरणाबद्दल मला त्यांच्याशी भांडता येत नाही, आणि हेच मला जास्त खुपतं.

*

सोमवारी सकाळी मी अबीची पिशवी भरून बाहेर आले, तर सासूबाई माझ्याआधी तयार होत्या. पांढरी साडी, छत्री, आणि काखेत वचनाची पेटी. रूबेन मागं उभा होता. त्यानं रजा टाकली होती. "मीपण येतो," तो म्हणाला. न विचारता.

पेटी बघून मी डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत पुन्हा एकदा चाचपली. एसटीत बसल्यावर सासूबाईंनी पेटी उघडली, डोळे मिटले, एक गुंडाळी काढली आणि मुठीत धरली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. 'थांब' निघालं तर उतरून परत फिरायला गावात अजून दोन थांबे होते.

नगरच्या दवाखान्यात एका तरुण बाईनं अबीला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. मग आम्हाला समजावून सांगितलं. जाड आवाज तिला थोडेफार पोचतात, ढोलकीचे, दार आपटल्याचे, आणि बरेचसे तर अंगाला कळतात, फळीतून, फरशीतून. बारीक आवाज पोचत नाहीत. माणसाचं बोलणं त्या बारीक आवाजांनीच भरलेलं असतं. यंत्रानं फरक पडेल, लवकर आणलंत म्हणून जास्त पडेल.

"लवकर आणलंत," ती दुसऱ्यांदा म्हणाली, आणि सासूबाईंनी चष्मा काढून पदरानं बराच वेळ पुसला.

परतीच्या एसटीत अबी रूबेनच्या मांडीवर झोपली होती. सासूबाईंची मूठ अजून मिटलेलीच होती. घामानं कागद भिजला असणार.

"काय निघालंय आई?" मी शेवटी विचारलं.

"काय ठाऊक."

"म्हणजे?"

"उघडलीच नाही."

"का?"

त्यांनी मूठ उघडली. ओल्या गुंडाळीकडं पाहिलं, ती पेटीत टाकली, आणि झाकण दाबून लावलं.

"आगं, परवा एवढ्या मोठ्यानं ओरडून सांगितलंय त्यानं. सगळ्या मंडळीचे कान फुटले. आता परत विचारायला गेले तर म्हणेल, म्हातारे, बहिरी ती पोरगी आहे का तू?"